पंधरा लिटर गरम पाणी

गिझर बसवणं म्हणजे काय फार मोठी गोष्ट आहे हो? भिंतीला दोन भोकं, दोन नळ्या, एक वायर. बटण दाबा, गरम पाणी घ्या! हे वाक्य मी गेल्या डिसेंबरात कमीत कमी वीस जणांना ऐकवलं असेल. ऑफिसात ऐकवलं, दूधवाल्याला ऐकवलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोनवरून आमच्या बाबांना ऐकवलं.

मी भीमराज. भिंगारला लष्कराच्या एका स्टोअरमध्ये सिव्हिलियन स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षं झाली. ड्रिल मशीन, पाने, पकडी, हातोडे, सगळं सकाळी माझ्या खिडकीतून बाहेर जातं आणि संध्याकाळी माझ्याच खिडकीतून परत येतं. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती, की आपल्याला हत्यारं चालवता येतात. आता ही समजूत म्हणजे मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं स्वतःला हजार लग्नं केलेला नवरा समजण्यापैकीच होती. पण हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. म्हणजे बायकोनं सांगितलं होतं. माधुरी शाळेत शिकवते, तिला सांगायची सवयच आहे. मला न ऐकायची.

आमचे बाबा, रंभाजी, पाथर्डी तालुक्यात गावी एकटेच राहतात. वय बहात्तर. चाळीस वर्षं दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. त्या उसानं आम्हा भावंडांची शिक्षणं केली आणि बाबांचे गुडघे खाल्ले. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात मी म्हणायचो, "बाबा, भिंगारला या," आणि बाबा म्हणायचे, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे सरकारी ऑफिसातलं 'बघू'. फाईल तिथंच!

या वेळी मात्र मी हुकमी पान काढलं.

"बाबा, गिझर घेतलाय!"

"काय घ्येतलंय?"

"गिझर. पाणी तापवायचं मशीन. बटण दाबलं की कढत पाणी. गुडघ्यावर बादलीभर सोडायचं."

पलीकडे शेळी ओरडली, तिला हाकलल्याचा आवाज आला. मग बाबांनी विचारलं, "बादलीभर? रोज?"

"रोज! वाटलं तर दोनदा!"

"मग यितो," बाबा म्हणाले. "रविवारच्या गाडीनं यितो. हिवाळा काढतो तितंच."

तीन वर्षं मी माया, कर्तव्य, डॉक्टर, म्हातारपण असली मोठमोठी कारणं देत होतो. माणूस एका बादलीवर तयार झाला! मी फोन ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला. मला मिशी नाही, पण प्रसंगच तसा होता.

गिझर आला शुक्रवारी. पंधरा लिटरचा, पांढरा शुभ्र, गुटगुटीत. सेलमध्ये सहा हजार चारशे नव्याण्णव. खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत छापलेलं : 'फ्री इन्स्टॉलेशन!' ते उद्गारचिन्ह बघूनच मी खूश झालो. शनिवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. मच्छिंद्र त्याचं नाव. पस्तिशीचा, शांत, खांद्याला हत्यारांची पिशवी. बाथरूममध्ये गेला, भिंतीवर बोटानं टकटक केलं, एका वायरला दिवा जोडून सॉकेटमध्ये काहीतरी बघितलं, मीटरच्या बोर्डापर्यंत चालत गेला, परत आला आणि म्हणाला, "साहेब, बसवून देतो. पण काही गोष्टी लागतील."

"लागू द्या की! फ्री आहे ना?"

"बसवणं फ्री आहे. सामान नाही. दोन कनेक्शनचे पाइप, दोन अँगल कॉक, भिंतीतले मोठे बोल्ट. हे सॉकेट छोटं आहे, इथं सोळा अँपिअरचं पाहिजे. बोर्डापासून जाड वायर वेगळी ओढावी लागेल, आणि तिला वेगळा एमसीबी, म्हणजे खटका."

प्रत्येक वस्तूबरोबर तो एक आकडा सांगत होता आणि प्रत्येक आकड्याबरोबर माझा चेहरा त्या गिझरसारखा पांढरा होत होता.

"झालं?"

"नाही साहेब. मेन गोष्ट राहिली. तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नाही."

"नाही म्हणजे? तीन पिना आहेत की सॉकेटला!"

"पिना आहेत, खाली वायर गेलीच नाही जमिनीत. खाली अंगणात खड्डा घेऊन, तांब्याची पट्टी टाकून, मीठ-कोळसा भरून ते करावं लागेल. उद्या गिझरच्या आत काही बिघडलं, तर करंट पाण्यात येतो. आंघोळीला बसलेल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. अर्थिंगशिवाय मी बसवणार नाही."

एकूण आकडा निघाला अकरा हजार तीनशे. सहा हजाराच्या गिझरला अकरा हजारांचा पाहुणचार! माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते इथं लिहायला नको वाटतं, पण लिहितोच. मी म्हणालो, "तुम्ही लोक फुकट-फुकट म्हणत घरात शिरता आणि गिऱ्हाईक सोलून काढता! मी स्टोअरकीपर आहे, मला शिकवू नका. लुटायला दुसरं घर बघा."

मच्छिंद्रनं हत्यारं पिशवीत भरली, एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून टीव्हीच्या शेजारी ठेवला आणि दारात चपला घालताना म्हणाला, "दुसऱ्या कोणाकडूनही करून घ्या साहेब. फक्त अर्थिंगशिवाय चालू करू नका. घरात वयस्कर माणूस येणार म्हणता ना."

माधुरी म्हणाली, "अहो, माणूस खरं बोलतोय."

मी म्हणालो, "तो खरं बोलत नाही, तो अकरा हजार बोलतोय!" हा विनोद मला फार आवडला. दिवसभर मी तो आठवून हसत होतो. आता आठवला की हसू येत नाही.

रविवारी सकाळी मी दुकानातून दोनशे रुपये भाड्यानं ड्रिल मशीन आणलं. आधी गिझर भिंतीला टांगू, वायरीचं पुढं बघू, असा बेत. बाबांची गाडी एक वाजता भिंगारच्या स्टॉपवर येणार होती. मी त्यांना घ्यायला जाणार होतो. साडेबारा वाजले होते. दोन भोकांना किती वेळ लागतो?

पहिलं भोक झकास पडलं. अगदी श्रीखंडात चमचा! धूळ उडाली, मी खोकलो, पण खोकतानाही माझी छाती फुगलेली होती. दुसऱ्या भोकाला मशीन जरा कुरकुरलं. मी जोर लावला. ते आणखी कुरकुरलं. मी आणखी जोर लावला. एकदम सैल झालं.

"बघितलंस? गेलं आरपार!" मी ओरडलो.

आरपार गेलं होतं खरं. भिंतीच्या नव्हे, भिंतीतल्या पाइपाच्या.

मी ड्रिल बाहेर ओढलं आणि भिंतीनं माझ्या चष्म्यावर अशी पिचकारी मारली की रंगपंचमीला कोणी मारली नव्हती! चष्मा उडून कमोडमागे गेला. मी तळहात भोकावर दाबला. पाणी बोटांच्या मधून पंखा उघडावा तसं पसरलं. अर्धं छताकडे, अर्धं माझ्या बाहीत.

"गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद कर!" मी माधुरीला ओरडून सांगितलं.

ती धावत गेली आणि धावत परत आली. "गच्चीला कुलूप आहे! किल्ली शरच्चंद्र काकांकडे!"

शरच्चंद्र काका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आणि बिल्डिंगचे सेक्रेटरी. ते नेमके तेव्हा आपल्या बाथरूममध्ये आरशासमोर दाढी करत होते, आणि वरून आमचं पाणी त्यांच्या टकलावर थेंबथेंब पडू लागलं होतं. माधुरी खाली पोचायच्या आत तेच वर आले. एका गालाला फेस, हातात दाढीचा ब्रश.

"भीमराज," ते शाळेच्या प्रार्थनेच्या आवाजात म्हणाले, "हे काय चाललेले आहे?"

"गिझर बसवतोय काका! किल्ली! गच्चीची किल्ली!"

"किल्ली माझ्या कपाटात आहे. प्रथम मला सांगा, आपण परवानगी घेतली होती काय?"

"काका, आधी किल्ली!"

काका पुन्हा जिना उतरू लागले. काकांचा जिना उतरण्याचा वेग म्हणजे निवडणुकीच्या मिरवणुकीचा. दर पायरीवर थांबा! मी भिंतीला हात लावून उभा. हात काढावा तर पूर, न काढावा तर बाबांची गाडी. एक वाजला. हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला माझा फोन वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. माधुरी काकांच्या मागं खाली. सव्वा वाजला. दीड वाजला. काकांच्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती, आणि त्या कपाटात गच्चीची किल्ली होती!

तेवढ्यात उघड्या दारातून आवाज आला, "भीमा?"

दारात बाबा उभे. पांढरी टोपी, खांद्यावर अर्धं पोतं बाजरी. स्टॉपवर अर्धा तास थांबून, दोनदा फोन लावून, शेवटी विचारत विचारत चालत आलेले. त्या गुडघ्यांनी.

बाबांनी पोतं खाली ठेवलं. चपला काढल्या, धोतर वर खोचलं, बाथरूमच्या दारात आले आणि त्या धारेकडे कौतुकानं बघत राहिले. मग वाकून तिच्यात बोट घातलं.

"ह्योच व्हय तुजा गिझर? गार हाय की रं!"

मला रडावं की हसावं कळेना. मी म्हणालो, "बाबा, पाइप फुटलाय."

"सरक," बाबा म्हणाले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी भोकात कोंबला. मग दम खात वर आलेल्या माधुरीकडे वळून म्हणाले, "पोरी, एक लाटणं आन. आन सुरी, बत्ता."

माधुरीनं लाटणं आणलं. बाबांनी तिथंच पाण्यात उकिडवं बसून त्याची मूठ तासली, टोकदार खुंटी केली, टॉवेल काढून ती भोकात बसवली आणि बत्त्यानं चार ठोके हाणले. पाणी थांबलं! मी तासभर भिंतीशी कुस्ती खेळत होतो. बाबांनी एका लाटण्यात भिंत चीत केली. उरलेलं लाटणं भिंतीतून असं बाहेर आलेलं होतं, की वाटावं पलीकडून कोणी पोळ्या लाटतंय.

तोपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस. सहा बिऱ्हाडांतली माणसं बादल्या घेऊन जिन्यात उभी. प्रत्येक बादली माझ्याकडे बघत होती. गरम पाण्यासाठी आलेल्या माझ्या बापानं त्या दिवशी पिण्याच्या हंड्यातल्या तांब्याभर पाण्यानं हातपाय धुतले. "ब्येस झालं," म्हणाले. "परवासाचा शीन गेला." संध्याकाळी मी स्वतःच्या पैशानं टँकर मागवला.

सोमवारी मी ऑफिसला गेलो. आमच्याकडे फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे दिवसभर मला घरची खबर नाही. मागं काय घडलं ते मला माधुरीनं नंतर सांगितलं.

सकाळी दहाच्या सुमाराला बाबांनी टीव्हीशेजारची ती चिठ्ठी बघितली. बाबांना फारसं वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी आपल्या फोनवरून नंबर लावला. "म्या भीमाचा बाप बोलतोय. पोराचं काय चुकलं आसंल तर म्या माफी मागतो. पर भिताड गळतंय, यिऊन जावा." मच्छिंद्र आला. त्यानं फरशी काढून पाइप जोडला. बाबांनी त्याच्याशेजारी बसून सगळं विचारून घेतलं : हे काय, ते कशाला, जमिनीत का सोडायचं. मच्छिंद्रनं सांगितलं. ज्या गोष्टी मी पाच मिनिटं ऐकून घेतल्या नव्हत्या, त्या बाबांनी तासभर ऐकल्या.

मग दोघं शरच्चंद्र काकांकडे गेले, अंगणात खड्ड्याची परवानगी मागायला. काकांनी आधी नियम सांगितले. मग मच्छिंद्रनं त्यांच्या घरातलं सॉकेट तपासलं.

"काका, तुमच्या गिझरलाही अर्थिंग नाही."

"काय सांगता? अकरा वर्षे तो चालू आहे!"

"नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का कधी?"

काकांचा चेहरा पडला. काकूंना अकरा वर्षं झिणझिण्या येत होत्या, आणि काका त्यांना अकरा वर्षं सांगत होते की हा तुझा वात आहे! लगेच परवानगी मिळाली. लेखी.

"खड्ड्याला माणूस लावावा लागेल," मच्छिंद्र म्हणाला. "दीड हजार घेईल."

"खड्ड्याला पैसं?" बाबा उठलेच. "म्या काय मेलोय व्हय?"

माधुरी साडेबाराला शाळेतून आली तेव्हा बाबा गुडघाभर खाली होते. ती विनवण्या करून थकली. "मामा, नका हो. तुमचे गुडघे!" बाबा म्हणाले, "बसून बसूनच धरत्यात ती. तू च्या टाक." तिनं मला तीनदा फोन लावला. फोन गेटवरच्या कप्प्यात वाजत राहिला.

साडेपाचला मी बिल्डिंगच्या गेटातून आत आलो. बघतो तर अंगणात गर्दी. सगळी बिल्डिंग गोलाकार उभी. दूधवालासुद्धा थांबलेला. मध्ये कमरेएवढा खड्डा, आणि खड्ड्यात माझा बाप. टोपी मागं सरकलेली, बनियन घामानं भिजलेला, हातात पहार. मुरूम बाहेर फेकत होते आणि काहीतरी मजेचं सांगत होते, कारण मच्छिंद्र हसत होता आणि चक्क शरच्चंद्र काकासुद्धा हसत होते. तीन वर्षांत मी बाबांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. हे मला आता कळतंय. तेव्हा मला फक्त गर्दी दिसली. मला वाटलं, सगळे म्हणत असतील, भीमराजनं म्हाताऱ्या बापाला मजुरीला लावलं!

"बाबा!" मी असा ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले. "आधी बाहेर या! हे काय करून ठेवलंय? कळतं का काही तुम्हाला? खड्डे खणायला आणलंय का मी इथं तुम्हाला?"

हसणं बंद झालं. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खड्ड्याकडे बघितलं. मग पहार नीट काठाला टेकवून ठेवली. मच्छिंद्रनं हात दिला, त्याला धरून ते वर आले. टोपी सारखी केली आणि जिना चढून गेले. गर्दी पांगली. काका जाताना हळूच म्हणाले, "भीमराज, आपण असे बोलावयास नको होते." या वेळी त्यांची छापील भाषा मला जराही विनोदी वाटली नाही.

मी लाजेनं तीच पहार उचलली. म्हटलं, उरलेलं मी खणतो. अर्धा तास झटलो. बाबांनी तंबाखू मळता मळता जेवढं खणलं असतं, तेवढंही निघालं नाही. तळहाताला दोन फोड तेवढे आले. मच्छिंद्र बाजूला उभा होता.

मी म्हणालो, "मच्छिंद्र, शनिवारी मी जरा..."

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "रोज कोणीतरी बोलतंच."

हे ऐकून तर त्या खड्ड्यात आपणच उभं राहावं आणि वरून मीठ-कोळसा भरून घ्यावा, असं वाटलं.

वर गेलो. बाबा खिडकीपाशी गुडघे चोळत बसले होते. मला म्हणायचं होतं, बाबा, चुकलो. तोंडातून निघालं, "जेवलात का?" बाबा म्हणाले, "व्हय." संध्याकाळचे सात वाजले होते. आमच्या घरी स्वयंपाकही झाला नव्हता.

मंगळवारी खड्डा पुरा झाला, माणूस लावून. बाबा अंगणात उतरलेच नाहीत. बुधवारी वायर, खटका, सॉकेट आणि गिझर. अकरा हजार तीनशे मच्छिंद्रचे, वर टँकर, फरशी, काकांच्या छताचा रंग आणि एक लाटणं. पण गिझर दिसत होता काय झकास! मी ठरवलं, गुरुवारी सकाळी उद्घाटन. पहिली आंघोळ बाबांची. त्यातच सगळी भरपाई होऊन जाईल.

गुरुवारी सहा वाजता आम्ही सगळे बाथरूमच्या दाराशी. काका मुद्दाम वर आलेले. नवा टॉवेल, नवा साबण. मी छोटंसं भाषण केलं. तापमान, वीज, सुरक्षा वगैरे. भिंतीवरचं बटण दाबलं. गिझरवरचा दिवा लागलेला दिसला नाही. म्हटलं, बाथरूमच्या उजेडात दिसत नसेल. वीस मिनिटांनी बाबांना आत पाठवलं.

"बाबा, डावीकडचा नळ!"

"व्हय, व्हय."

आतून पाण्याचा आवाज येत होता. मी काकांकडे बघून हसलो. पाचच मिनिटांत बाबा बाहेर आले. अंगावर काटा, ओठ जरासे निळे.

"कसं वाटलं?"

"लई ब्येस," बाबा म्हणाले. आवाज थोडा थरथरत होता. मला वाटलं, भरून आलंय. "आसलं पानी उभ्या जल्मात घ्येतलं न्हाई."

काकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे वाटले! ऑफिसातही वाटले. संध्याकाळी घरी आलो तर माधुरी स्वयंपाकघरात माझी वाट बघत होती. दार लोटून घेत तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, बोर्डावरचा गिझरचा खटका कोणी पाडला होता?"

मीच. बुधवारी संध्याकाळी. सुरक्षेसाठी!

म्हणजे डिसेंबरातल्या सकाळी सहा वाजता, गच्चीवरच्या टाकीतलं बर्फासारखं पाणी अंगावर घेऊन बाबांनी मला 'लई ब्येस' म्हटलं होतं.

मी बाहेर गेलो. "बाबा, सकाळी पाणी गार होतं ना? सांगायचं नाही का?"

"आसू दे रं. तू येवढं भाषान केलंस."

"उद्या मी स्वतः बघतो सगळं. उद्या खरं गरम."

बाबा टोपीशी चाळा करत म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जातो म्हनतो. शेरडं शेजारनीच्या गळ्यात टाकून आलोय."

"बाबा, हिवाळाभर राहणार होतात!"

"यीन की परत. बघू."

पुन्हा ते 'बघू'.

शुक्रवारी मी पहाटेच उठून खटका वर केला, दिवा लागलेला दोनदा बघितला. पाणी कढत झालं. पण गाडी सहाची होती. "आंगूळ घरी करीन," बाबा म्हणाले. मी स्टॉपवर पोचवायला गेलो, या वेळी वेळेवर. गाडी आली. ते चढले, खिडकीशी बसले, हात केला. मी चुकलो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली. बेलही मला सोयीचीच वाटली.

या गोष्टीला आता महिना झाला. गिझर उत्तम चालतो. बिल्डिंगच्या सगळ्या घरांना त्या खड्ड्यातून अर्थिंग मिळालं. काकूंचा वात बरा झाला. मी रोज सकाळी ते कढत पाणी अंगावर घेतो आणि ते मला बोचतं.

गेल्या आठवड्यात मी मनाशी ठरवलं आणि बाबांना फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. शेरडं, बाजरी, गुडघे. मग मी म्हणालो, "बाबा, एक विचारू? तुम्ही इतक्या लवकर का गेलात? खरं सांगा."

बाबा म्हणाले, "आता काय सांगू? त्या दिशी तू वरडलास न्हवं खड्ड्यापाशी, तवा मला वाटलं, म्या चुकीच्या जागी खांदला. लई वंगाळ वाटलं बग. चाळीस वरसं कष्ट केलं, कुनी नाव ठिवलं न्हाई. म्हनलं, आता आपल्या हातनं साधा खड्डाबी नीट हुत न्हाई. कशाला पोराचं आजून नुकसान करायचं?"

मी बसल्या जागेवरून उठलो.

"बाबा, खड्डा बरोबर जागी होता. अगदी बरोबर. त्याच खड्ड्यात अर्थिंग केलंय."

"खरं म्हनतोस?" बाबांचा आवाज एकदम उजळला. मला खड्ड्यातला तो हसरा चेहरा दिसला. "आरं, मग ब्येस झालं की! तवापास्नं जिवाला घोर लागला हुता." आणि मग, अगदी सहज, कुठलाही राग नसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "पर भीमा, खड्डा बरूबर हुता, तर मग तू वरडलास कशापायी?"

मी फोन कानाला लावून उभा. वीस जणांना गिझर कसा बसवायचा ते सांगणारा मी!

"हॅलो? बाबा? हॅलो! आवाज येत नाहीये तुमचा! इथं रेंज नाही!"

"बरं बरं," बाबा मोठ्यानं म्हणाले, "ठिवतो मग. रेंज आली की कर."

रेंज फुल्ल होती हो! हे लिहितोय, आत्तासुद्धा फुल्ल आहे.